‘निवड झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर लांब पल्ल्याच्या धावपटूंविषयी जे लिहून येतं, त्याचे ढोबळमानाने दोन साचे आहेत. पहिला अनवाणी पायांचा. पाड्यावरची किंवा दुष्काळी गावातली मुलगी, डोक्यावर हंडा, शाळेपर्यंतची रोजची पायपीट, आणि एक दिवस कुणा शिक्षकाची तिच्यावर पडलेली नजर. दुसरा साचा पदकाचा. विमानतळावर हारतुरे, गावात मिरवणूक, मुख्यमंत्र्यांचं अभिनंदन, सरकारी नोकरीचं आश्वासन. या दोन साच्यांना जोडणारं मधलं एक वाक्य मात्र कायम तेच असतं: ‘तिची भारतीय संघात निवड झाली.’

हे वाक्य मला अनेक वर्षं खटकत आलं आहे. पाऊस पडला, संध्याकाळ झाली, तशी निवड झाली. निवडणारा त्यात कुठेच नाही. कुणी निवडलं, कोणत्या नियमाने, तो नियम कधी जाहीर झाला होता आणि त्याच नियमाने घरी कोण राहिलं, यातलं काहीही ते वाक्य सांगत नाही. आपणही विचारत नाही. हंड्यापासून हारापर्यंतची गोष्ट आपल्याला पुरते. या लेखाचा विषय ते मधलं वाक्य आहे. राष्ट्रीय मॅरेथॉन संघ कसा निवडावा, हा प्रश्न प्रशिक्षकांचा आणि पदाधिकाऱ्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्यात एका माणसाच्या आयुष्याची सहा-आठ वर्षं पणाला लागलेली असतात, आणि बहुतेकदा ते आयुष्य आपल्या आसपासच्या तालुक्यांतलं असतं.

पाठ असलेला नियम आणि माहीत नसलेला नियम

सोलापूर जिल्ह्याला अंतराचं अप्रूप नाही. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रांग रात्रभर रस्त्यावर असते. ते अंतर साधारण ४५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा थोडं जास्तच. आषाढीला राज्यभरातून पायी निघालेले लोक शेवटी याच जिल्ह्यात, पंढरपुरात येऊन पोचतात. उन्हाचंही इथे कौतुक नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला तरी कुणी बातमी म्हणून सांगत नाही. माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. म्हणजे या पट्ट्यात पायांची वानवा नाही.

सोलापुरात किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर गेलात, तर पळणारी मुलं-मुली दिसतील. त्यातली बहुसंख्य पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. किती वेळात पळलं की किती गुण, हा तक्ता त्यांना तोंडपाठ असतो. एका टप्प्याच्या दोन सेकंद अलीकडे की पलीकडे, यावर गुण कमी-जास्त होतात, हे त्यांना हिशेबासकट ठाऊक असतं. भरती लांबते, रखडते, तिच्याविषयी तक्रारी असतात. पण नियम छापलेला असतो आणि तो वाचून माणूस आपली जागा स्वतः मोजू शकतो.

आता याच मैदानावर, जरा लांब पळणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा, की आशियाई स्पर्धेच्या मॅरेथॉन संघात जायचं तर काय करावं लागतं? मी विचारून पाहिलं आहे. ‘दिल्लीला पहिलं यावं लागतं,’ असं एक उत्तर मिळतं. ‘टायमिंग द्यावं लागतं,’ असं दुसरं. ‘ते वरचं असतं सर, कॅम्पमधली पोरं जातात,’ असं तिसरं. या तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे, आणि हीच खरी अडचण आहे. हवालदार होण्याचा नियम ज्याला सेकंदासह पाठ आहे, त्याला देशासाठी धावण्याचा नियम अंदाजाने सांगावा लागतो.

हा प्रश्न मॅरेथॉनमध्येच अवघड का

शंभर मीटर धावणारा एका हंगामात दहा-पंधरा वेळा स्वतःला सिद्ध करू शकतो. मॅरेथॉन धावणाऱ्याला वर्षातून दोन, फार तर तीन चांगल्या शर्यती मिळतात. ४२.१९५ किलोमीटर पूर्ण ताकदीने धावल्यावर शरीर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे जातात. त्यामुळे निवडीसाठी धावलेली शर्यत ही नुसती परीक्षा राहत नाही. मुख्य स्पर्धेच्या शिल्लकीतून केलेला तो खर्च असतो. तो कधी आणि किती वेळा करायला लावायचा, हे ठरवणारा माणूस निकालही अर्धा ठरवत असतो.

दुसरी अडचण रस्त्याची. बर्लिनचा मार्ग सपाट आणि हवा थंड. मुंबईत पेडर रोडचा चढ जाताना आणि येताना, शिवाय दमट हवा. या दोन ठिकाणच्या वेळा शेजारी शेजारी मांडून मोठी कोणती हे ठरवणं म्हणजे काळ्या रानातलं आणि माळावरचं पीक एकाच मापाने मोजणं. तिसरी अडचण अशी की ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेत वेग धरून देणारे साथीदार नसतात, ऊन असतं, आणि घड्याळापेक्षा माणसांशी झुंजायचं असतं. एका देशाला जागा फक्त तीन, आशियाई स्पर्धेत दोनच. तेव्हा निवड करायची ती सर्वांत जलद वेळेवर, एका ठरलेल्या शर्यतीतल्या क्रमांकावर, की जाणकारांच्या मतावर? जगात हे तीनही मार्ग चालतात. तिन्हींचे समर्थक हुशार आहेत आणि तिन्हींचा अनुभव विचार करायला लावणारा आहे.

पुणे, १९२०

आपल्याकडची पहिली निवड आठवावी अशी आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दिवसांत दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धांना अध्यक्ष म्हणून गेले होते. तिथे त्यांनी शेतकरी घरांतली मुलं अनवाणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना पाहिली, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या फार मागे नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकिकत सांगितली आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने परवानगी मिळाली, पुण्यात चाचणी झाली आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला एक छोटा संघ गेला. खर्चाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला.

त्या काळची एक गोष्ट क्रीडा इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. शंभर मीटरसाठी ऑलिंपिकच्या दर्जाची वेळ किती असावी, असं विचारल्यावर जिमखान्याच्या एका मान्यवर सदस्याने ‘एक-दोन मिनिटं’ असं उत्तर दिलं म्हणतात. गोष्ट तिखटमीठ लावलेली असू शकेल. पण निवडणाऱ्याला मोजमाप ठाऊक नसणं, हा आपल्या क्रीडा इतिहासातला विनोद शंभर वर्षं जुना आहे, एवढं तरी ती सांगते.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २:३२:३५ या वेळेत जिंकला. चौगुले २:५०:४५ वेळ घेऊन १९वे आले. दुसरे भारतीय सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. आज चौगुल्यांविषयी जे थोडंफार लिहिलं जातं, ते पुन्हा पहिल्या साच्यातलंच: अनवाणी, साधा, खेड्यातला. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ते धावले, कारण धावण्याची एक शर्यत झाली, वेळ घड्याळात मोजली गेली आणि ती पाहणारा माणूस तुलना करू शकत होता. चाचणीची ही पद्धत पुढे १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकआधीही होती. प्रांतोप्रांतीच्या स्पर्धांनंतर दिल्लीला देशपातळीवर निवड स्पर्धा झाली. पैसा नव्हता, बूट नव्हते, मोजमापाचं ज्ञानही तुटपुंजं होतं. तरी निवड डोळ्यांसमोर होत होती.

मुंबई ते रिओ

आता २०१६. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये तीन भारतीयांनी रिओसाठीची पात्रता वेळ गाठली: नितेंद्रसिंग रावत २:१५:४८, टी. गोपी २:१६:१५, खेताराम २:१७:२३. यातला गोपी मुळात रावतला वेग धरून द्यायला उतरला होता. ठरावीक अंतरानंतर थांबायचं त्याचं काम. तो थांबला नाही, दुसरा आला आणि ऑलिंपिकला पात्र ठरला. सात महिन्यांनी रिओत काय झालं? गोपी २:१५:२५ वेळेसह २५वा. खेताराम त्याच्या एका सेकंदाने मागे, २६वा. आणि मुंबईत तिघांत पहिला आलेला रावत २:२२:५२ वेळेसह ८४वा.

यात रावतला कमी लेखण्याचा हेतू नाही. मॅरेथॉनमध्ये एखादा दिवस कुणाचाही बिघडतो. मुद्दा असा, की जागा तीनऐवजी एकच असती तर कोणत्याही शहाण्या समितीने रावतला पाठवलं असतं, आणि वेग धरून द्यायला उतरलेला गोपी घरी बसला असता. कागदावरचा क्रम आणि रस्त्यावरचा क्रम यांचं नातं इतकं सैल असतं. पुढे २०१९च्या दोहा जागतिक स्पर्धेत, मध्यरात्री सुरू झालेल्या उकाड्यातल्या शर्यतीत, याच गोपीने २:१५:५७ वेळ देत २१वा क्रमांक मिळवला. त्याच स्पर्धेत महिलांच्या मॅरेथॉनला उतरलेल्या ६८ जणींपैकी फक्त ४० पोचल्या होत्या, एवढ्यावरून हवेची कल्पना यावी.

महिलांच्या बाजूला रिओसाठी चौघींकडे पात्रता होती आणि जागा तीन. केरळची ओ. पी. जैशा, उत्तर प्रदेशची सुधा सिंग आणि महाराष्ट्राच्या दोघी, ललिता बाबर व कविता राऊत. म्हणजे खरं तर निवडीचा कस लागायचा, नियम तपासून पाहायचा तो प्रसंग होता. पण सुधा आणि ललिता स्टीपलचेसकडे वळल्या आणि प्रश्न आपोआप मिटला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविताने फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २:३८:३८ वेळ देऊन पात्रता मिळवली होती. रिओत ती २:५९:२९ वेळेसह १२०वी आली. जैशा ८९वी आली आणि अंतिम रेषेपाशी कोसळली. वाटेतल्या पाण्याच्या टेबलांवर आपल्या देशाचं कुणीच नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं. महासंघाने उलट सांगितलं, की पेयं ठेवण्याबद्दल विचारलं होतं आणि ती नको म्हटली गेली. चौकशी समिती नेमली गेली. कुणाचं खरं हे मी इथे ठरवणार नाही. पण निवड म्हणजे केवळ तिकीट काढून देणं नव्हे, धावपटूला त्या रस्त्यावर उभं करेपर्यंतची ती जबाबदारी आहे, एवढं या वादातून कुणालाही कळावं.

बाहेरचे तीन रस्ते

अमेरिकेची पद्धत सर्वांत कोरडी. एक दिवस, एक शर्यत. मुख्य स्पर्धेची पात्रता असलेले पहिले तीन जातात. विश्वविक्रमी धावपटूला त्या दिवशी ताप आला तरी तो घरी. ही पद्धत क्रूर म्हणून तिच्यावर टीका होते. पण २०२०च्या फेब्रुवारीत अटलांटाला झालेल्या चाचणीत मॉली सायडेल ही धावपटू आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावली, दुसरी आली, आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक जिंकलं. जिच्या नावावर एकही मॅरेथॉन नाही तिला कोणत्या समितीने निवडलं असतं?

केनियात पायांची एवढी श्रीमंती आहे की तिथे समिती निवडते. २०११ साली जेफ्री मुताई बोस्टनला २:०३:०२ वेळेत धावला, त्याआधी इतक्या वेगाने मॅरेथॉन कुणी धावलंच नव्हतं. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कही जिंकला. २०१२च्या एप्रिलमध्ये बोस्टनला कडक ऊन होतं, त्याने शर्यत अर्धवट सोडली आणि लंडन ऑलिंपिकच्या संघातून तो बाहेर राहिला. निवडलेल्यांपैकी एबल किरुईला रौप्य, विल्सन किपसांगला कांस्य मिळालं; सुवर्ण मात्र शेजारच्या युगांडाचा स्टीफन किप्रोटिच घेऊन गेला. समिती बरोबर होती की चूक? दोन पदकं दाखवून बरोबर म्हणता येतं, हुकलेलं सुवर्ण दाखवून चूक.

जपानची कथा सर्वांत बोलकी आहे, कारण तिथे मॅरेथॉन हा घराघरातला खेळ आहे. नाओको ताकाहाशी २००० साली सिडनीला सुवर्ण जिंकली. २००४च्या अथेन्ससाठी जाणकारांनी तिला वगळलं आणि देशभर वाद झाला. निवडलेल्यांपैकी मिझुकी नोगुचीने सुवर्ण जिंकलं, म्हणजे निवड यशस्वीच झाली. तरीही अनेक शर्यतींतले निकाल समोर ठेवून बंद दाराआड निवडण्याच्या पद्धतीवरचा अविश्वास मिटला नाही. शेवटी टोकियो ऑलिंपिकसाठी त्यांनी २०१९च्या सप्टेंबरमध्ये एकच मोठी निवड शर्यत घेतली: पहिले दोन थेट संघात, तिसरी जागा आधी जाहीर केलेल्या वेळेच्या अटीवर. पुरुषांत शोगो नाकामुरा आणि युमा हात्तोरी थेट गेले. तिसरा आलेला सुगुरू ओसाको पुढच्या वर्षी टोकियोत २:०५:२९ धावून आत आला. ऑलिंपिकमध्ये नाकामुरा ६२वा, हात्तोरी ७३वा, आणि तिसऱ्या जागेवरचा ओसाको सहावा.

एवढे निकाल मांडण्याचं कारण एकच. भविष्य अचूक सांगणारी निवड पद्धत अस्तित्वात नाही. वेळ चुकते, चाचणी चुकते, समिती चुकते; आणि तिन्ही अधूनमधून अचूकही ठरतात. ‘पदकाची शक्यता’ या एकाच कसोटीवर पद्धती तोलत बसलो तर वाद कधीच संपणार नाही. म्हणून कसोटी बदलायला हवी. कोणती पद्धत धावपटूला आधी वाचता येते? नियम वाचून तो आपल्या वर्षाची आखणी करू शकतो का? आणि वगळला गेला तर का वगळलो हे त्याला एका वाक्यात सांगता येतं का? अटलांटात चौथ्या आलेल्याला आपण का गेलो नाही हे माहीत असतं. ते दुःख मोठं असलं तरी स्वच्छ असतं.

आपल्याकडचा निकष

भारतात आज निवडीचा कणा म्हणजे निकषाची वेळ. महासंघ स्पर्धेआधी ती जाहीर करतो, आणि दिल्लीची मॅरेथॉन राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणून मुख्य शर्यत ठरते. २०२३च्या फेब्रुवारीत दिल्लीला याचं चांगलं रूप दिसलं. मान सिंग २:१४:१३, ए. बी. बेलिअप्पा २:१४:१५, कार्तिक कुमार २:१४:१९. तिघांमध्ये सहा सेकंद, तिघेही आशियाई स्पर्धेच्या निकषाच्या आत. जागा दोन. कार्तिक पुढे हांगझोऊला दहा हजार मीटर धावला आणि रौप्य घेऊन आला. मॅरेथॉनला मान सिंग आणि बेलिअप्पा गेले. मान सिंग तिथे आठवा आला आणि २०२४च्या जानेवारीत हाँगकाँगला आशियाई मॅरेथॉन अजिंक्यपद जिंकला. त्याच दिल्लीत महिलांमध्ये परभणीची ज्योती गवते पहिली आली, पण निकषाच्या आत कुणीच नव्हतं. राष्ट्रीय विजेती, आणि संघात जागा नाही.

निकष वाचता येतो, हे त्याच्या बाजूने मान्य. पण निकष गाठणं म्हणजे निवड होणंच, असं आपल्याकडे नसतं. २०१७ साली केरळची पी. यू. चित्रा भुवनेश्वरला १५०० मीटरमध्ये आशियाई विजेती झाली. त्या विजेतेपदामुळे ती लंडनच्या जागतिक स्पर्धेला पात्र होती, तरी तिला वगळलं गेलं. केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने आदेश दिला, तोवर नावं पाठवायची मुदत संपली होती आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने नकार दिला. २०२२ साली उंच उडीतल्या तेजस्विन शंकरने निकष पार केला होता, पण अमेरिकेतल्या विद्यापीठ स्पर्धेमुळे तो आंतरराज्य स्पर्धेला आला नाही म्हणून त्याचं नाव नव्हतं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, बऱ्याच खटपटीनंतर बर्मिंगहॅमला पोचला आणि राष्ट्रकुलचं कांस्यपदक जिंकला. ही दोन्ही प्रकरणं मॅरेथॉनची नाहीत, महासंघ मात्र तोच. खेळाडूला स्वतःची निवड समजून घ्यायला न्यायालयात जावं लागतं तिथे नियम कच्चा आहे, असंच म्हणावं लागेल.

दुसरा बदल अधिक खोल आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष गेलं आहे. रिओसाठी पात्रतेची वेळ पुरुषांना २:१९:०० आणि महिलांना २:४५:०० होती. टोकियोसाठी ती २:११:३० आणि २:२९:३० झाली, पॅरिससाठी २:०८:१० आणि २:२६:५०. आठ वर्षांत पुरुषांसाठी जवळपास ११ मिनिटं, महिलांसाठी १८. शिवनाथ सिंगने १९७८ साली जालंधरला २:१२:०० धावून केलेला विक्रम चाळीसहून अधिक वर्षं मोडला नव्हता. तो पॅरिसच्या निकषाच्या चार मिनिटं मागे. जैशाने २०१५ साली बीजिंगला नोंदवलेली २:३४:४३ ही वेळ आठ मिनिटं मागे. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये एकही भारतीय नव्हता.

निकष गाठला नाही तरी जागतिक क्रमवारीतून आत जाण्याची एक वाट असते. ही क्रमवारी दोन शर्यतींच्या गुणांच्या सरासरीवर ठरते, आणि दर्जेदार आंतरराष्ट्रीय शर्यतीत क्रमांक मिळवला तर गुण वाढतात. म्हणजे थंड हवेत, सपाट रस्त्यावर, वेगवान सोबतीत धावायला कुणाला पाठवलं जातं, हाच निवडीचा पहिला टप्पा झाला. गोपीने २:१३:३९ ही आपली वेळ काढली ती सोलला, मुंबईत नव्हे. सोलापूरच्या मैदानावरचा मुलगा ‘कॅम्पमधली पोरं जातात’ म्हणतो, ते या अर्थाने अगदी बरोबर आहे. निवड आता शर्यतीच्या दिवशी होत नाही. ती दीड-दोन वर्षं आधी, शिबिराची यादी आणि परदेश दौऱ्याची यादी तयार होते तेव्हा होऊन गेलेली असते, आणि त्या याद्यांचा नियम पाठ करण्याचा प्रश्नच नसतो.

मग काय करावं

महासंघाची बाजू मला कळते. पूर्ण यांत्रिक नियम केला तर दुखापत लपवून धावणाऱ्याला रोखता येत नाही. चाचणीत जिंकलेला माणूस सहा महिन्यांत आजारी पडू शकतो. जागा थोड्या, पैसा सरकारचा, आणि हरल्यावर शिव्या त्यांनाच. तेव्हा थोडी मोकळीक त्यांना हवीच. माझं म्हणणं एवढंच, की ती मोकळीक किती आणि कोणत्या जागेपुरती, हे आधी लिहिलेलं असावं.

ते असं लिहिता येईल. मुख्य स्पर्धेच्या किमान एक वर्ष आधी नियमावली जाहीर व्हावी, आणि ती हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही असावी. धावणारी मुलं ज्या भाषेत भरतीचा तक्ता वाचतात त्या भाषेत. निवडीची शर्यत एकच असावी आणि मुख्य स्पर्धेपासून पुरेशी दूर, म्हणजे शरीर भरून यायला वेळ मिळेल. स्पर्धा उन्हातली असेल तर चाचणी गारठ्यात घेऊ नये. सोलापुरात मे महिन्यात घ्या असं मी म्हणत नाही; पण फेब्रुवारीतल्या दिल्लीच्या पहाटेवरून उकाड्यातल्या शर्यतीचा अंदाज बांधणंही बरोबर नाही.

तीन जागा असतील तर निकष पूर्ण करणारे पहिले दोन थेट जावेत. त्यात समितीचा हात नको. तिसरी जागा समितीची. पण कोणाकोणाचा विचार केला आणि हाच का निवडला, हे लेखी आठवडाभरात प्रसिद्ध व्हावं. दोनच जागा असतील तर पहिला थेट आणि दुसरा समितीचा. राखीव धावपटूचं नाव त्याच दिवशी जाहीर व्हावं, म्हणजे त्याने सराव सोडू नये. तक्रार ऐकायला महासंघाबाहेरचा एक माणूस असावा आणि निर्णय नावं पाठवण्याच्या मुदतीच्या आत व्हावा. चित्राच्या वेळी न्याय मिळाला तो मुदत उलटल्यावर. ठरावीक वेळेच्या आत धावणाऱ्या कुणालाही चाचणीला येण्याचा प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळावा. सोलापूरहून दिल्ली म्हणजे रेल्वेचा एक अख्खा दिवस आणि वर काही तास. आरक्षण मिळालं नाही तर दारात बसून केलेला तो प्रवास शर्यतीआधीच दोन-तीन मिनिटं खाऊन टाकतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, शिबिराच्या आणि परदेशी शर्यतींच्या यादीलाही हाच न्याय लागू व्हावा: कोण, किती वेळेवर, किती काळासाठी, आणि बाहेरून आत यायचं दार कोणतं.

यातून पदक येईल असं मी म्हणत नाही. नाकामुराचा ६२वा क्रमांक समोर असताना तसं म्हणणं धाडसाचं होईल. पण २:२० धावणाऱ्या मुलाला आणखी दोन वर्षं द्यावीत की भरतीचा अर्ज भरावा, हा निर्णय तरी डोळसपणे घेता येईल. आज तो अंधारात घेतला जातो, आणि अंधारात माणूस शहाणपणाने हवालदारकी निवडतो. त्यात त्याची काही चूक नाही. लष्कर आणि रेल्वे सोडल्या तर लांब पल्ल्याच्या धावपटूला पोसणारं आपल्याकडे फार थोडं आहे. संघात नाव येणं म्हणजे नोकरी, बढती, घर. निवडीचा नियम त्याच्यासाठी क्रीडानीतीचा विषय नसतो, घरच्या चुलीचा असतो.

राहता राहिले आपण, लिहिणारे आणि वाचणारे. हंड्याच्या आणि हाराच्या गोष्टी खोट्या नाहीत. कविता राऊत आणि ललिता बाबर यांनी ती वाट खरोखर तुडवली आहे. पण त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगताना गरिबी हीच जणू पात्रता आणि पदक हेच जणू तिचं फळ, असं एक सोपं समीकरण तयार होतं. मधल्या साऱ्या टेबल-खुर्च्या, याद्या, मुदती आणि सह्या त्यातून गाळल्या जातात. त्या गाळल्या की कुणालाच जाब विचारावा लागत नाही. पुढच्या वेळी ‘निवड झाली’ असं लिहायची वेळ आली, तर बातमीदाराने आणखी चार ओळी लिहाव्यात: नियम काय होता, तो कधी जाहीर झाला, कोणत्या शर्यतीत किती वेळ दिली, आणि थोडक्यात कोण राहिलं. त्या राहिलेल्या चौथ्या माणसाचं नाव छापून येऊ लागलं, की निवडणाऱ्यांनाही आपलं नाव लिहावं लागेल.